गिअरबॉक्स उतरवण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तुझ्या फोर्ड पिकअपच्या गिअरबॉक्सचे फोटो मिळाले, गिअर टाकताना होणाऱ्या आवाजाचा व्हिडिओही ऐकला. तुझ्या त्या गॅरेजवाल्यानं गाडीखाली न शिरताच "गिअरबॉक्स गेला, दुसरा टाका" असं सांगून टाकलं, हे वाचून आमच्या आयटीआयमधली पहिल्या वर्षाची पोरं आठवली. त्यांनाही आधी पाना हातात लागतो, विचार मागाहून. पैसे अजून दिले नसशील तर देऊ नकोस. बाबा म्हणतात, गाडी विकून मोकळा हो. त्यांचं मनावर घेऊ नकोस, ते स्कूटरचा प्लगसुद्धा शेजाऱ्याकडून काढून घेतात.

आधी हा गिअरबॉक्स कुठला, ते नक्की करू. तुझी एफ-१५० १९९४ची, इंजिन ४.९ लिटरचं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं. इंजिन दणकट आहे, त्याची काळजी नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असेल. त्यात गिअरबॉक्सच्या रकान्यात ‘एम’ असेल, तर कारखान्यातून निघताना गाडीला माझदाच्या डिझाइनचा पाच गिअरचा एम५ओडी-आर२ होता. याचा धाकटा भाऊ आर१, तो फोर्डच्याच रेंजरसारख्या लहान पिकअपमध्ये असतो. म्हणून दुकानात नुसतं ‘फोर्डचा पाच गिअरचा’ म्हणून सामान मागू नकोस, भलतंच गळ्यात पडेल.

पण स्टिकर सांगतो तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी शेतकऱ्याकडची आहे, आणि शेतकरी अमेरिकेतल्या कॅन्ससचा असो की आपल्या कराडचा, खळ्यावर पडलेला दुसरा गिअरबॉक्स बसवून गाडी चालवणारच. म्हणून खाली जाऊन बघ. जाताना चुंबक घेऊन जा. आर२ची बॉडी अॅल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटत नाही. क्लचचं हौसिंग बॉडीलाच जोडून ओतलेलं असतं आणि खाली पॅन नसतो. चुंबक चिकटला तर तो जुना लोखंडी चार गिअरचा, टी-१८ किंवा एनपी४३५ असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सहाहून जास्त फेरे, ६.३२ किंवा ६.६९, होतात तेव्हा बॉक्सच्या बाहेरच्या दांड्याचा एक, निव्वळ ओझं ओढण्यासाठी. आर२चा पहिला ३.९०. अॅल्युमिनियम आहे, पण दोन्ही बाजूंना बोल्टनं बसवलेली झाकणं दिसतात, असं असेल तर तो मोठ्या एफ-२५०, एफ-३५०मधला झेडएफ कंपनीचा बॉक्स. त्या झाकणांच्या जागी पंप किंवा विंच चालवायची जोडणी बसते.

एवढी चौकशी कशासाठी, तर तेलासाठी. आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटला की मिस्त्री डोळे झाकून नव्वद नंबरचं ऑईल ओततो. त्या लोखंडी बॉक्सना जाड तेल ठीक आहे. आर२ला मात्र ऑटोमॅटिक गाड्यांतलं पातळ लाल तेल लागतं, फोर्डच्या मर्कॉन जातीचं. त्यात जाड तेल घातलं तर तुमच्या थंडीत सकाळी सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या कड्याला, तो वेग वेळेवर आवरता येत नाही आणि प्रत्येक गिअर अडतो. त्याहून वाईट म्हणजे जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑईल. त्यातली गंधकाची रसायनं पितळी भागांना खातात.

आता तुझा आजार. तूच लिहिलं आहेस की इंजिन बंद असताना पाचही गिअर लोण्यासारखे पडतात, आणि इंजिन चालू केलं की पहिला अडतो, रिव्हर्सला खर्र होतं. अरे, उत्तर यातच आहे! गिअरबॉक्समधलं काही तुटलं असतं, तर इंजिन बंद असतानाही कुठेतरी अडलं असतं. एक परीक्षा कर. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, क्लच तळाशी दाबून पाच सेकंद थांब आणि मग रिव्हर्स टाक. तरीही खर्र झालं, तर पेडल दाबूनही इंजिनानं गिअरबॉक्स सोडलेला नाही. एकाच गिअरला त्रास असता, समजा फक्त तिसऱ्याला, तर मी त्या गिअरच्या सिंक्रो रिंगवर संशय घेतला असता.

क्लच का सुटत नाही, हे वरून खाली तपासायचं. रूममेटला पेडल दाबायला बसव आणि तू बोनेट उघडून क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे बघ, पेडल दाबलं की क्लचच्या लाइनमध्ये ब्रेक ऑईल ढकलतो तो. या पिढीच्या एफ-१५०मध्ये पेडलच्या दांड्यातली प्लॅस्टिकची बुश झिजते आणि पेडलचा अर्धा प्रवास तिथेच वाया जातो. कधी मास्टर सिलिंडर जिथे बसतो तो पत्राच पेडल दाबताना पुढे वाकतो, चिरलेलाही असतो. दोन्ही दुरुस्त्या बॉक्स न उतरवता होतात. त्यानंतर ब्रेक ऑईलची पातळी बघ, आणि लाइनमध्ये हवा असेल तर ती काढ.

हे सगळं ठीक निघालं तर मात्र स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या ऑईलच्या दाबानं क्लच सोडवणारा. या गाडीत तो हौसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती, म्हणजे इंजिनाकडून बॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याभोवती, कडं घातल्यासारखा बसतो. तो गळला की क्लच हौसिंगच्या तळातून ब्रेक ऑईल ठिबकतं, आणि तेव्हा बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग हे सगळं त्याच वेळी बदल.

चढवताना प्लेट मधोमध बसवायचा डमी शाफ्ट वापर. बॉक्स पूर्ण जागेवर गेल्याशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत. बोल्टनं ओढून बसवायला गेलास की हौसिंगचा कान तुटतो. आणि बॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवू नकोस, क्लच प्लेट वाकते. हे काम एकट्यानं अजिबात करायचं नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. स्टँड हवेत, चाकांना ओंडके हवेत. यावर वाद नको.

आणखी एक फोटो मला खटकला. बॉक्सच्या शेपटीकडे तेलाची ओल दिसते. तुझ्या दुकानदारानं त्यासाठी मागचं ऑईल सील विकायचा घाट घातला आहे. आधी वर हात घालून बघ. आर२च्या वरच्या झाकणाच्या मागच्या टोकाला गिअर बदलणाऱ्या दांड्यांच्या भोकांवर तीन रबरी बुचं असतात. उष्णतेनं ती कडक होतात आणि तेल सोडतात. ते तेल मागे ओघळत येतं, त्यामुळे सीलच गळतंय असं वाटतं. गळती हळू असते म्हणून कुणी पातळी बघत नाही, आणि एक दिवस बेअरिंग कोरडी पडतात. या बॉक्सचे बळी बहुधा असेच जातात. जाणकार लोक रबर काढून तिथे धातूची बुचं सिलिकॉन लावून बसवतात. बॉक्सचा मागचा आधार काढून शेपूट थोडं खाली घेतलं की हात पोचतो.

तेल बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडायचा, खालचा नंतर. वरचा गंजून बसला असेल आणि तू खालून तेल सोडून बसलास, तर गाडी तिथेच उभी. साधारण ३.६ लिटर तेल लागेल, तरी मापावर जाऊ नकोस. भरायच्या भोकातून तेल ओघळू लागलं की थांबायचं. जुनं तेल पांढऱ्या कपड्यावर घे. बारीक पितळी चमक थोडी असतेच. लोखंडाचे तुकडे दिसले तर मात्र गाडी चालवू नकोस, मला फोन कर.

स्टिकरचा फोटो पाठव. आणि हौसिंगच्या तळाशी काही ठिबकत असेल तर ते बोटावर घेऊन बघ, गिअरबॉक्सच्या तेलासारखं लाल आहे की ब्रेक ऑईलसारखं पिवळट. स्लेव्हचं किट मागवायचं की नुसती पेडलची बुश, हे मला त्यावरून सांगता येईल. तोवर रिव्हर्स जबरदस्तीनं टाकू नकोस, गाडी उताराला तोंड करून लाव.

तुझी,
आई