मंत्रिमहोदय, भोसरीच्या शेडमधली ती पांढरी धूळ एकदा मोजा तरी

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : नॅनो कणांची पावडर हाताळणाऱ्या कामगारांच्या तपासणीबाबत आपण पुण्यात दिलेले आश्वासन.

महोदय,
स.न.वि.वि.

पिंपरीतल्या कामगार मेळाव्यात मी माझ्या मिस्टरांची फाइल घेऊन आपल्याला भेटले होते. आपण ती उभ्या उभ्या चाळलीत, शेजारच्या अधिकाऱ्यांना जवळ बोलावलंत आणि माइकवरून सांगितलंत की रंग बनवणाऱ्या ज्या ज्या शेडमध्ये असली बारीक पावडर वापरतात तिथल्या हवेची तपासणी सहा महिन्यांत होईल, आणि तिथल्या प्रत्येक कामगाराची छाती तपासली जाईल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. एवढ्या गर्दीत आपण माझी फाइल उघडलीत, याबद्दल मी आजही आपली आभारी आहे.

सहा महिने केव्हाच उलटले. परवा पोस्टाने उत्तर आलं : "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." खाली सही आहे, तीही दुसऱ्याच कुणीतरी 'करिता' म्हणून केलेली. मग अखत्यारी कुणाची, ते त्या कागदावर नाही. म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी भोसरीत राहते आणि एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. माझे मिस्टर जुन्नरकडून इथे आले आणि अठरा-एकोणीस वर्षं एमआयडीसीत रंगाच्या एका लहान शेडमध्ये मिक्सरवर होते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. रंग डब्यात खाली बसू नये, भिंतीवरून ओघळू नये म्हणून त्यात फ्यूम्ड सिलिका, म्हणजे सिलिकाची अतिसूक्ष्म पूड घालतात. कामगार तिला नुसतं 'हलकी पावडर' म्हणतात. गोणी दहा किलोची, पण आकाराने सिमेंटच्या पन्नास किलोच्या गोणीहून कितीतरी मोठी, इतकी ती फुसफुशीत असते. तोंड कापून गोणी हॉपरवर, म्हणजे मिक्सरच्या नरसाळ्यावर उलटी केली की अर्धी पावडर आत जाते आणि बाकीची धूर होऊन वर येते. खाली बसायला तिला वेळ लागतो. ते घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळीमागे पांढरं, शर्ट झटकला की बाथरूमच्या बल्बभोवती पांढरं. तोंडाला काय बांधायचे? मी धुऊन दिलेला रुमाल. कोविडनंतर निळा कापडी मास्क मिळाला, तो आठवडाभर पुरवायचा. हवा ओढून घेणारा पंखा मिक्सरवर बसवलेला होता, पण पावडर वाया जाते म्हणून तो बंद ठेवायचे.

आज ते बावन्न वर्षांचे आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर त्यांना दोन वेळा थांबल्याशिवाय चढता येत नाही. रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं. मशीनचं भाडं, औषधं, सहा महिन्यांनी सीटी स्कॅन, या सगळ्यात माझा पगार संपतो. मुलीने इंजिनिअरिंगचा प्रवेश सोडून बी.एस्सी. घेतली, आणि मला म्हणाली की तिला तेच आवडतं. लाइट गेली की आम्ही तिघं जागे. रिपोर्टवर लिहिलं आहे 'इंटरस्टिशियल लंग डिसीज, कारण अज्ञात', म्हणजे फुफ्फुसं आतून सुजून कडक होत जाण्याचा आजार. कारण अज्ञात का आहे, हे मी तुम्हाला सांगते. डॉक्टरांनी विचारलं, कामावर धूळ कसली होती, किती होती, कणांचा आकार काय? आम्ही काय सांगणार! त्या शेडमध्ये हे कुणी कधी मोजलेलंच नाही.

नुकसानभरपाईचं तेच. भरपाई कायद्याच्या यादीत धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांपैकी सिलिकोसिस आहे, अ‍ॅस्बेस्टॉसिस आहे. सिलिकोसिस होतो तो स्फटिकरूपी सिलिकाने, दगडखाणीतल्या धुळीने. मिस्टरांची पावडर अस्फटिक, म्हणून ती यादीत बसत नाही. आजार कामामुळेच झाला हे तुम्ही सिद्ध करा, असं आम्हाला सांगण्यात आलं. सिद्ध करायला हवेच्या नोंदी लागतात, आणि नोंदी ठेवायच्या तर आधी मोजावं लागतं. ज्यांनी मोजायचं ते म्हणतात, अखत्यारीत नाही. ठेकेदाराच्या कागदावर तर मिस्टरांचं काम 'हेल्पर' एवढंच लिहिलं आहे.

त्या पावडरीनेच त्यांची फुफ्फुसं गेली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या खोलीत माझं आयुष्य गेलं, पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. फ्यूम्ड सिलिकाचे मूळ कण ५ ते ५० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतात आणि ते एकमेकांना चिकटून मोठे पुंजके बनतात, हेही मला ठाऊक आहे. हॉपरमध्ये आपटल्यावर त्यातले किती सुटे होतात, किती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. तेच शोधून काढायला मी सांगते आहे.

अकरावीच्या प्रॅक्टिकलला आम्ही एक साधा प्रयोग करून घेतो. संगमरवराचा तुकडा आम्लात टाकला तर हळूहळू बुडबुडे येतात. तेवढ्याच वजनाची संगमरवराची पूड टाकली की फेस भसकन वर येतो. पदार्थ तोच, वजन तेच, वाढला तो फक्त पृष्ठभाग. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच १ नॅनोमीटरच्या घनांत फोडला तर पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड एकर! साखरेच्या खड्याएवढ्या वस्तूचं दीड एकर रान फुफ्फुसातल्या पेशींना भिडतं, तेव्हा 'हा पदार्थ तर सुरक्षित आहे, टूथपेस्टमध्येही असतो' हे सांगणं मला पटत नाही. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी मोठी धूळ गिळून बाहेर काढतात. नॅनो कण त्यांच्या हातून निसटतात, पेशींमध्ये शिरतात, तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि सूज टिकून राहते. उंदरांच्या नाकात गेलेले कण वासाच्या मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत पोचतात, हे ओबरडॉर्स्टर या शास्त्रज्ञांच्या गटाने २००४ साली दाखवलं. लांब, ताठ कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, उंदरांच्या पोटाच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह करतात, हे २००८ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी छापलं. हे सगळं सरकारी ग्रंथालयात बसूनही वाचता येतं.

आणि माणसांचं विचाराल तर चीनमधल्या त्या बायका आहेत. २००९ साली बीजिंगच्या डॉक्टरांनी त्यांच्याविषयी युरोपातल्या श्वसनविकाराच्या नियतकालिकात लिहिलं. सात कामगार बायका, सगळ्यात लहान अठरा वर्षांची. पॉलिअ‍ॅक्रिलेटचा रंग फवारायचं काम, पाच ते तेरा महिन्यांचं. खोलीला एकच दार, खिडकी नाही, हवा बाहेर काढणारं यंत्र बंद पडलेलं, तोंडाला कधीतरी सुती पट्टी. सातही जणींच्या छातीत पाणी झालं. त्या पाण्यात आणि फुफ्फुसात ३० नॅनोमीटरच्या आसपासचे कण सापडले. दोघी गेल्या. पुढे शास्त्रज्ञांमध्ये वाद झाला, खोलीत इतर रसायनंही होती, दोष नॅनो कणांचाच कशावरून, असं काहींनी विचारलं. वाद व्हायलाच हवा. पण तिथे निदान कण शोधायला सूक्ष्मदर्शक तरी लावला गेला. बंद यंत्र, बंद खोली, तोंडाला फडकं, हे वाचताना मला आमची शेड दिसत होती. ते कागद मी मिस्टरांपासून लपवून ठेवले आहेत.

आता तुमच्या मोजमापाचं पाहू. चौकातल्या फलकावर पुणेकरांना पीएम १० आणि पीएम २.५, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचं प्रमाण दिसतं (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे. ते वजनात मोजतात. १० मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात १०० नॅनोमीटरचे १० लाख कण बसतात. म्हणजे फलकावरचा आकडा हिरवा असतानाही छातीत कोट्यवधी कण जात असतील. वजनाच्या तराजूवर ते दिसायचेच नाहीत, त्यांची संख्या मोजावी लागते. त्याची यंत्रं निघाली आहेत, जगभर वापरात आहेत. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ साली टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यासाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या : साध्या बारीक धुळीला घनमीटरमागे २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांना ०.३. पदार्थ एकच, पण कण लहान झाला म्हणून मर्यादा आठपट कडक. कार्बन नॅनोट्यूबला २०१३ साली १ मायक्रोग्रॅम. फ्रान्समध्ये २०१३ पासून नॅनो पदार्थ कोण बनवतं, कोण आणतं, याची सरकारदरबारी सक्तीने नोंद होते. टायटॅनियम डायऑक्साइड जनुकांना इजा करत नाही अशी खात्री देता येत नाही म्हणून युरोपने २०२२ साली ते खाण्याच्या पदार्थांतूनच काढून टाकलं. आणि आपल्याकडे? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्याला धोकादायक रसायनांच्या मर्यादांची अनुसूची जोडली गेली. त्यात नॅनो कणांसाठी वेगळी ओळ नव्हती. २०२५ साली त्या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली, तिचे ढोल वाजताहेत. त्यात तरी ती ओळ दाखवा.

पैसा नव्हता असंही नाही. केंद्राने २००७ साली नॅनो संशोधनासाठी नॅनो मिशन काढलं, पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये. त्यातून चांगलं काम झालं, मी नाकारत नाही. आमच्या पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, पदार्थांवर संशोधन करणारी सी-मेट आहे, विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर आहे, गावात आघारकर संस्था आहे, विद्यापीठ आहे. नॅनो कण बनवणारी, ओळखणारी माणसं या शहराएवढी क्वचितच एका गावात सापडतील. भोसरी तिथून तासाभरावर आहे. त्या तासाभराच्या रस्त्याने एक यंत्र एका टेंपोत घालून आणायचं, शेडमध्ये चार दिवस चालू ठेवायचं, एवढं काम आहे हे. एका तरुण संशोधकाला मी विचारलं, तुम्हीच का येत नाही? तो म्हणाला, "ताई, कण बनवतो म्हटलं तर प्रकल्प मिळतो. कणाने काय बिघडतं ते तपासतो म्हटलं की विचारतात, याचा उपयोग काय?" पेटंट निघालं की तुम्ही शाल घालायला येता. धोका सापडला की उद्योग बिचकतात, मग गुंतवणूक अडते, मग तुमची परिषद फिकी पडते. हेच कारण आहे ना? स्पष्ट सांगा, म्हणजे आम्ही वाट पाहायचं सोडून देऊ.

औषधांतल्या नॅनो पदार्थांसाठी २०१९ साली मार्गदर्शक सूचना निघाल्या, शेती आणि खाद्यपदार्थांसाठी २०२० साली. त्यापाठोपाठ २०२१ साली नॅनो युरिया हे फवारायचं द्रवखत बाजारात आलं आणि अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या एका गोणीचं काम करते असं शेतकऱ्याला सांगितलं गेलं. पिकाला ती पुरते का यावर शास्त्रज्ञ भांडताहेत, ते भांडोत. माझा प्रश्न फवारणाऱ्याचा आहे. यवतमाळला २०१७ साली कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हाही चौकशी झाली, तेव्हाही हातमोजे आणि मास्क देऊ म्हणाले होते. गावाकडे आमचा दीर अजून उघड्या अंगाने पंप पाठीला लावतो. दरवेळी माणूस आधी जातो, मग समिती नेमली जाते, मग समितीची मुदत वाढते. भोपाळपासून आजवर हेच चाललं आहे, पक्ष कुठलाही असो, मंत्री कुणीही असो. कामगाराचं शरीर हीच तुमची प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगाची नोंदवहीसुद्धा कुणी ठेवत नाही!

भोसरी, चिंचवड, चाकण, रांजणगाव इथल्या रंग, रबर, शाई आणि कोटिंगच्या कुठल्या कारखान्यांत नॅनो पावडर येते, त्याची सक्तीने नोंद घ्या. पुण्यातल्याच एखाद्या संस्थेला पैसे देऊन तिथल्या हवेतले कण वजनाने आणि संख्येने मोजून घ्या, आणि आकडे दारावर मराठीत लावा. ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांची छाती तपासा, नुसत्या एक्स-रेवर भागवू नका, श्वासाची क्षमता मोजा, दरवर्षी मोजा. नॅनो कणांच्या विषारीपणाच्या संशोधनासाठी वेगळा निधी ठेवा. आणि मोजमापच झालेलं नसेल तर ते का केलं नाही हे कंपनीने सांगावं, आजारी माणसाने नव्हे, असा बदल भरपाईच्या नियमात करण्यासाठी केंद्राकडे लिहा. शेवटच्या मागणीचा उपयोग माझ्या मिस्टरांना होईल की नाही माहीत नाही. त्यांच्या जागी आता मिक्सरवर तेवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या घरी मी दोनदा बोलून आले, पण हप्ते चालू आहेत, काम सोडता येत नाही म्हणतो.

या पत्राला उत्तर लेखी द्या. विषय कुणाच्या अखत्यारीत येतो त्या खात्याचं नाव, अधिकाऱ्याचं पद आणि हवेची पहिली तपासणी कुठल्या तारखेला होणार, या तीन गोष्टी त्यात असू द्या. सही मात्र 'करिता' नको, तुमची स्वतःची हवी.

आपली,
एक प्रयोगशाळा सहायक,
भोसरी, पुणे.