लिफ्ट किट बसवायच्या आधी गाडी काट्यावर न्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी ऑफरोडिंगवर लेख आला होता, घरात सगळ्यांनी वाचला. फोटो एक नंबर होते, पण सस्पेन्शनबद्दल, म्हणजे चाकं आणि गाडीच्या मधल्या स्प्रिंग वगैरेबद्दल, त्यात जेमतेम दोन ओळी आणि त्यांचा अर्थ इतकाच की गाडी तीन-चार इंच उचलून घेतली की ती कुठं अडकत नाही. हे वाचून आमच्याच गावातली दोन पोरं, दोघांकडं नव्या थार, गॅरेजला लिफ्ट किटचा, म्हणजे गाडी उंच करायच्या सामानाचा, भाव विचारून आली म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या पेपरवर लोक विश्वास ठेवतात त्यामुळं हे बोलणं गरजेचं आहे.

मी भोर तालुक्यातला. आधी वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप होती, आता २०१६ ची जुनी थार आहे. आमचं रान डोंगराच्या अंगाला आहे, शेवटचे चार किलोमीटर म्हणजे दगडगोटे, ओढा आणि जून ते सप्टेंबर चिकण मातीचा चिखल, त्यामुळं ऑफरोड हा आमचा शौक नाही, रोजचं येणं-जाणं आहे. खताच्या गोण्या, पाण्याचे ड्रम, कधी गुरांसाठी पेंड, कधी आजारी माणूस, सगळं याच गाडीतून वर जातं आणि खाली येतं.

आता आधी ते उचलायचं सांगतो. लिफ्ट किटनं गाडी उंच होते हे खरं आणि त्याचा फायदाही आहे, समोरचा बंपर चढावर टेकत नाही, पोट उंचवट्यावर घासत नाही. पण मागचा एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या मधला डिफचा गोळा (ताकद दोन्ही चाकांत वाटून देणारी पेटी) उचलला जात नाही हो! थार, गुरखा, जिम्नी, बोलेरो, सगळ्यांना मागं अख्खा एक्सल आहे, तो चाकांना जोडलेला आहे, वर स्प्रिंग कितीही मोठी घाला तो जमिनीपासून तेवढाच राहणार. तो उचलायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि टायरचा व्यास दोन इंचानं वाढला तर डिफ एक इंच वर जातो कारण एक्सल चाकाच्या मध्यात असतो. चार इंच लिफ्ट करून लोक दगडावर डिफ आपटून घेतात आणि मग म्हणतात किट चांगलं नव्हतं.

दुसरं म्हणजे सस्पेन्शनचं मुख्य काम उंची नाहीच, चारही चाकं जमिनीला धरून ठेवणं हे काम आहे. एक चाक खड्ड्यात उतरलं आणि तिरक्या कोपऱ्यातलं दुसरंही उतरलं तर स्प्रिंग मऊ असेल आणि शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी) लांब उघडत असेल तर ती चाकं खाली जमीन शोधतात. स्प्रिंग कडक असेल तर चाक हवेत लटकतं, आणि डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवायची सोय) नसेल तर सगळी ताकद त्या लटकलेल्या चाकात जाऊन ते नुसतं गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. म्हणजे कडक आणि उंच केलेली गाडी दिसायला दणकट पण आमच्या ओढ्यात पहिली तीच अडकते, हे मी दरवर्षी बघतोय.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. जुन्या थारला पुढं टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी दांडे) असतात आणि मागं पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या कमानी). गाडी घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी एका गॅरेजमधे गेलो, म्हटलं माल भरल्यावर मागून फार बसते. त्यांनी मागं दोन-दोन पाटे वाढवले आणि पुढं टॉर्शन बारचे बोल्ट आवळून नाक वर करून दिलं, शॉकअप तेच जुने ठेवले, दोन तासात काम झालं, मी खूश. माल भरून डोंगरावर गेलो तेव्हा खरंच छान वाटली. मग एके दिवशी वरंधा घाटातनं महाडहून परत येत होतो, गाडी रिकामी, शेजारी आई बसलेली, एका वळणावर लागोपाठ खड्डे आले आणि मागचा भाग उडून उडून दरीच्या बाजूला सरकायला लागला. वेग जास्त नव्हता, तिसऱ्या गिअरमधे होतो. समोरून कोणी आलं नाही म्हणून वाचलो. आईनं त्या दिवसानंतर बरेच महिने त्या गाडीत पाय ठेवला नाही.

नंतर शांतपणे एका जुन्या मिस्त्रींनी समजावलं की काय झालं होतं ते. पाटे ४०० किलो मालासाठी कडक केलेले, गाडी रिकामी, मग ते दबतच नाहीत, खड्डा आला की सगळा धक्का गाडी उचलून फेकतो. आणि शॉकअपचं काम असतं उसळलेल्या स्प्रिंगला आवरणं, तो शॉकअप जुन्या मऊ पाट्यांच्या हिशोबाचा, नव्या कडक पाट्यांची उसळी त्याला आवरतच नव्हती. पुढं टॉर्शन बार आवळल्यानं बार जास्त ताकदीचा होत नाही, फक्त गाडी वर होते आणि चाकाला खाली उतरायला जी जागा होती ती संपते, त्यामुळं पुढचं चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी ठाण्णकन वाजायचं. एक्सल शाफ्टचे सांधेही तिरके चालत होते, त्यांचे रबरी बूट (सांध्यांवरची आवरणं) वर्षाच्या आत फाटले.

म्हणून म्हणतो, निवड करायची तर वजनापासून करा. आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात आणि हायवेला जागोजागी वजनकाटे आहेत, फार पैसे लागत नाहीत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि वजन लिहा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. रिकामी एकदा आणि तुम्ही नेहमी जसं जाता तसं सगळं सामान, माणसं, भरलेली टाकी असं एकदा. लोखंडी बंपर आणि विंच (दोरानं गाडी ओढायचं यंत्र) लावला असेल तर पुढच्या एक्सलवर किती चढलं ते तिथं कळतं, वर टपावर कॅरिअर आणि तंबू असेल तर तेही. वीस लिटर पाण्याचा एक कॅन म्हणजे वीस किलो, असे चार कॅन मागच्या दारापाशी ठेवले की मागचा एक्सल किती बसतो ते टेपनं मोजा, आणि मोजताना जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत मोजा, म्हणजे टायर बदलला तरी आकडा तोच राहतो. हे चार-सहा आकडे कागदावर असले की स्प्रिंग विकणाऱ्याशी बोलता येतं. चांगल्या कंपन्या, ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन इमूसारख्या, एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग ठेवतात, गाडीवर कायमचं किती वजन आहे ते बघून स्प्रिंग घ्यायची असते. जो दुकानदार वजन न विचारता फक्त किती इंच पाहिजे ते विचारतो त्याच्याकडनं घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

कायमचं हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षातनं दोनदा भरून लडाखला जाणार आणि बाकी वर्षभर एकटे ऑफिसला जाणार तर भरलेल्या वजनाची स्प्रिंग घालू नका, माझ्यासारखं होईल. आणि कितीही दणकट स्प्रिंग घातली तरी कंपनीनं ठरवून दिलेलं एकूण वजन वाढत नाही, ब्रेक तेच असतात, एक्सल तोच, चासी तीच.

आता गाडीगणिक. ज्यांच्याकडं जुनी जीप, मेजर, एमएम, जिप्सी आहे त्यांना पुढं-मागं दोन्हीकडं पाटे आणि अख्खे एक्सल. पाट्यांना नावं ठेवणारे खूप आहेत पण पाटा एकाच वेळी वजनही धरतो आणि एक्सलही जागेवर धरतो, तुटला तर तालुक्याच्या गावात कमानपाट्याच्या दुकानात मिळतो, ही लहान गोष्ट नाही. त्याचा त्रास म्हणजे पाटे एकमेकांवर घासतात, गंज आणि चिखल बसला की कडक होतात, खोलून साफ करून बसवले की जुनीच गाडी नवी वाटते, नवीन काही घ्यायच्या आधी एवढं करा. यू-बोल्ट (पाटा एक्सलला बांधणारे) ढिले राहिले तर मधल्या बोल्टपाशी मेन पाटा तुटतो, म्हणून काम केल्यावर शे-दोनशे किलोमीटरनं परत आवळून घ्या. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवायचं जे काम करतात त्यानं गाडी खूप उंच होते पण स्टिअरिंगचे रॉड, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून एक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन, ब्रेकचे पाइप हे सगळं बदलावं लागतं, तेवढी तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

२०२० नंतरच्या थारला पुढं डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर स्वतंत्र) आणि मागं कॉइलवर (गोल स्प्रिंगवर) अख्खा एक्सल आहे. कंपनीची गाडीच २२६ मिलिमीटर क्लिअरन्सची (जमिनीपासूनच्या मोकळ्या उंचीची) आहे, अप्रोच अँगल (बंपर न टेकता चढता येईल तो कोन) ४१ अंशांच्या पुढं, अजून काय पाहिजे? पुढं स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळं ती जास्त उचलली की सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणारे सांधे) तिरके होतात, वरचा आर्म शेवटाला जाऊन आपटतो, बॉल जॉइंट लवकर जातात. माझ्या मावसभावाच्या गाडीला हेच झालं, आठ महिन्यांत दोन्ही बूट फाटले, आत माती गेली. दीड-दोन इंच, तेही वजन वाढलेलं असेल तरच, याच्या पुढं जायचं तर आर्मसकट बदला. आणि ते जे स्प्रिंगवर ठोकळा ठेवून उचलतात ना, त्यात स्प्रिंगही तीच आणि शॉकअपही तोच राहतो, फक्त चाक खाली उतरायची जागा खाऊन टाकली जाते.

जिम्नीला पुढं-मागं दोन्हीकडं अख्खे एक्सल आणि कॉइल. वजनानं हलकी, साधारण १२०० किलो, त्यामुळं तिला मऊ स्प्रिंगच शोभते, थारसाठी ऐकलेला सल्ला तिला लावू नका. ती उचलली की आडव्या रॉडमुळं एक्सल एका बाजूला सरकतो, तो रॉड लांबीला कमी-जास्त करता येणारा घ्यावा लागतो. कॅस्टरही (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा मागचा कल) कमी होतो, मग हायवेला स्टिअरिंग हातात तरंगल्यासारखं होतं आणि सरळ राहत नाही. कॅस्टर दुरुस्त करायचे बुश (सांध्यात बसणारे रबरी तुकडे) मिळतात, ते किटसोबतच घ्या.

शॉकअपचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथं पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. आतून एकच नळी असलेला आणि दोन नळ्या असलेला असे मुख्य दोन प्रकार. एक नळीवाल्यात तेल बाहेरच्या नळीलाच लागून असतं त्यामुळं लवकर थंड होतं, लडाखला किंवा कच्छच्या रणात तासन् तास खडखडत्या पट्ट्यांवरनं गाडी पळवायची असेल तर तोच बरा, नाहीतर तेल तापून त्याला फेस येतो आणि शॉकअप असून नसल्यासारखा होतो. पण आपल्या सह्याद्रीत वेग दहा-पंधराचा आणि खाली टोकदार काळा दगड, एक नळीवाल्याला दगडाचा पोचा बसला तर आतला पिस्टन तिथंच अटकतो, दोन नळ्यांवाल्याची बाहेरची नळी चेपली तरी तो बरेचदा काम करत राहतो. म्हणजे जास्त किमतीचा तो चांगला असं नाही, कुठं चालवणार ते बघा. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात जी रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धा सुरू झाली तिथल्या गाड्या बघून लोक बाहेर तेलाचा मोठा डबा असलेले शॉकअप मागवतात, पण त्या गाड्या स्पर्धेसाठी बांधलेल्या असतात, त्यातनं कोणी शेतावर पेंड नेत नाही.

बसवतानाची एक गोष्ट, जी बऱ्याच ठिकाणी चुकते. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना फायनल आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर टेकवून गाडीचं वजन आल्यावर आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. समोर उभं राहून करून घ्या. ब्रेकचे पाइप चाक पूर्ण खाली लटकल्यावर ताणले जात नाहीत ना तेही तेव्हाच बघा. आणि मग अलाइनमेंट.

खरं तर निम्म्या लोकांना किटची गरजच नाही. चांगले ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्या, कच्च्या रस्त्याला लागल्यावर हवा ३२ वरनं १८-२० वर आणा, टायर पसरून दगडाला मिठी मारतो, गाडी मऊ होते, फक्त डांबरीवर आल्यावर परत भरायला विसरू नका, छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. झिजलेले बुश आणि गळके शॉकअप बदला. एवढ्यावर आमचा ओढा आरामात पार होतो.

कायद्याचंही तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय, आणि परवानगी नसलेल्या बदलासाठी प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले गाडीखाली वाकून बघतात. तेव्हा पोरांनो, आधी आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीत लेखी विचारा, मगच गॅरेजला जा.

मी शेवटी काय केलं तर वाढवलेले पाटे काढून टाकले, मागं वजनाप्रमाणं एकच हेल्पर पाटा ठेवला जो रिकाम्या गाडीत काम करत नाही आणि माल भरल्यावरच टेकतो, टॉर्शन बार कंपनीच्या मापावर आणले, त्या पाट्यांना जुळणारे साधे दोन नळ्यांचे शॉकअप घातले. उंची कंपनीच्या गाडीपेक्षा जेमतेम बोटभर जास्त आहे. आई आता परत पुढच्या सीटवर बसते, मागच्याच महिन्यात वरंध्यातनं महाडला जाऊन आलो.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी पुरवणीत अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली किती इंच लिफ्ट ते छापता तसंच तिच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर काट्यावर किती वजन आलं, टायर कोणत्या मापाचा आहे आणि ती आठवड्यातनं किती दिवस रिकामी पळते हेही मालकाला विचारून छापा. आमच्या गावातल्या त्या दोघांना मी येत्या शनिवारी काट्यावर घेऊन जाणार आहे, त्यांचे आकडे हवे असतील तर तुम्हाला पाठवीन.

आपला नियमित वाचक,
ता. भोर, जि. पुणे