अण्णांचा फ्लॅश पाठवते आहे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

‘स्टार वॉर्स’ सिनेमातली प्रकाशाची तलवार, लाइटसेबर, करायला तू अण्णांचा जुना फ्लॅश मागितलास तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही, त्याचं तुला वाईट वाटलं असेल. दोन दिवस विचार केला आणि आता मनापासून देते आहे. फोनवर अर्ध्या गोष्टी राहून जातात, म्हणून हे पत्र.

तू ही नळी लाइटसेबरची मूठ म्हणून ओळखतोस. मी ओळखते ती अण्णांच्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला शेजारून चिकटलेली, डोक्यावर उजेड पुढे फेकणारी थाळी घेतलेली. पोटात टॉर्चचे तीन मोठे सेल. एका फोटोला एक बल्ब. बल्बच्या काचेत धातूची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक तार आणि ऑक्सिजन; पेटला की फट्ट असा आवाज, सगळा मांडव पांढराशुभ्र, आणि बल्ब कायमचा संपला. लग्नाच्या कामाला अण्णा मला बरोबर न्यायचे. बल्बची पिशवी माझ्या खांद्याला असायची. नवा बल्ब हातात दिला की ते त्याचं बूड आधी जिभेला लावायचे, त्यानं करंट नीट पोचतो म्हणून. तापलेला जुना बल्ब मी रुमालात धरायची. माझ्या जन्माआधी, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनाही हाच फ्लॅश त्यांच्याबरोबर असे. थाळीच्या कडेला पोचा दिसेल तुला, तो एका लाठीमारातला आहे. ठोकून सरळ करू नकोस.

तू त्या सिनेमाबद्दल सांगितलंस म्हणून मीही वाचून काढलं. रॉजर ख्रिश्चन हा ‘स्टार वॉर्स’चा सेट सजवणारा माणूस. लंडनमधल्या कॅमेऱ्याच्या एका दुकानात तो काही वेगळं मिळतं का बघत होता, तेव्हा धुळीनं भरलेल्या खोक्यात त्याला या, ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशच्या नळ्या सापडल्या. पकडीसाठी त्यानं नळीभोवती टी आकाराच्या काळ्या पट्ट्या चिकटवल्या. मधल्या पकडपट्टीत कॅल्क्युलेटरमधली भिंगांची पट्टी बसवली. तेव्हाच्या कॅल्क्युलेटरचे आकडे इतके बारीक असत, की ते मोठे दिसावेत म्हणून वर भिंगं लावावी लागत. कमरेला अडकवायला तळाशी एक कडी. झाली तलवार! हे वाचून मला फार आनंद झाला, खरंच. पैसा कमी होता, म्हणून त्यानं अडगळीत नजर टाकली, आणि ती नजर इतकी तयार होती की दुसऱ्याचं भंगार त्याला दूरच्या आकाशगंगेतलं शस्त्र दिसलं. १९७८ साली त्या चमूला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, त्यात तोही होता.

पण निखिल, तेव्हाची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या रोचेस्टरची ग्राफ्लेक्स कंपनी १९७३ साली बंद झाली आणि सिनेमाचं चित्रीकरण १९७६ सालचं. त्या नळ्या तेव्हा कुणालाच नको होत्या. आज अगदी उलट आहे. लाइटसेबरसाठी लोकांनी इतक्या नळ्या उचलल्या, की जुन्या कॅमेऱ्यांवर अजून फोटो काढणाऱ्यांना फ्लॅश मिळणं अवघड झालंय. रॉजर ख्रिश्चननं चिकटवलं ते बरोबरच होतं. तू तसं करू नयेस असं मला वाटतं. तुझी तलवार अशी असू दे, की वाटलं त्या संध्याकाळी तिचा परत फ्लॅश होईल.

फेविक्विक अजिबात लावू नकोस. त्याच्या वाफेनं आजूबाजूच्या क्रोमवर पांढुरकी साय धरते. पट्ट्या दुहेरी टेपनं लाव, टेपचा चिकटा पांढऱ्या पेट्रोलनं निघतो. चिंचेनं घासू नकोस, क्रोमचा थर पातळ आहे, मऊ ओलं फडकं पुरे. कडीसाठी तळाला भोक पाडायचं नाही, नळीला आवळून बसेल असा पट्टा करून घे आणि कडी त्याला लाव. आणि तुझं ते दिव्याचं नि आवाजाचं सर्किट बसवायला आतली स्प्रिंग उपटू नकोस. एक सेल ६१.५ मिलिमीटर लांब आणि ३४ मिलिमीटर जाड असतो. तिन्ही मिळून १८४.५. तेवढ्याच मापाची प्लॅस्टिकची नळी घे, सगळं त्यात बसव आणि सेलच्या जागी आत सरकव. ती काढली आणि सेल घातले की फ्लॅश तयार. इंजिनिअर तू आहेस, याहून चांगलं काही सुचलं तर मला कळव.

खोक्यात कापसात गुंडाळून दोन बल्ब ठेवले आहेत. अण्णांचे एवढेच उरले. बल्बच्या आत निळा ठिपका आहे. तो गुलाबी झाला असेल तर आत हवा गेली आहे, तो बल्ब लावायचा नाही, फुटतो. ठिपका निळा असेल तर काम सुरू करण्याआधी एक उडव. तोंड थाळीसमोर नको, आणि लगेच हात लावू नकोस, भाजतं. बूड जिभेला लावायचं विसरू नकोस.

उडवण्याआधी मला फोन कर आणि फोन जवळ ठेव. पन्नास वर्षांवर झाली, तो आवाज ऐकला नाही.

तुझी,
आई