मिरजेच्या मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

फोनवर आभार मानले तर "बरं बरं, काम कर" म्हणून तुम्ही फोन ठेवणार. म्हणून हे चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, तेव्हा वाचून दाखवायचं काम तुमच्या सूनबाईंना सांगून ठेवलंय.

डी.फार्म.ची, म्हणजे फार्मसीच्या पदविकेची, लेखी परीक्षा संपली की 500 तासांचं ट्रेनिंग. तीन महिन्यांच्या आत ते उरकता येत नाही, आणि त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात कुठे पोरांना खोकी फोडायला नि रॅक पुसायला ठेवतात, तर कुठे फॉर्मवर सही-शिक्का मिळतो आणि पोरं घरी बसतात. मलाही एका दुकानात हीच 'सोय' सुचवली होती. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी बजावलंत, "सही तास भरल्यावर. आधी मागायची नाही."

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातल्या अथणी, कागवाड, रायबागकडची माणसं गाठोडं घेऊन येतात, हातात दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. संध्याकाळच्या गर्दीत तुम्ही मला काउंटरला उभं करायचात आणि स्वतः मागे राहायचात. मी काढलेली प्रत्येक स्ट्रिप चिठ्ठीशी ताडून मगच पुढे सरकवायची. त्यात वेळ जायचा, गिऱ्हाईक कुरकुरायचं, एखादं समोरच्या दुकानात जायचं. तुम्ही कधी घाई केली नाहीत.

संधिवाताच्या त्या आजी मला अजून आठवतात. चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट होतं, आठवड्यातून एकदा. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं: रोज घेतलं तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेतू शकतं. पण आजींना वाचता येत नव्हतं, हे पुस्तकात कुठे असणार? तुम्ही विचारलंत, "आजी, तुमच्याकडे बाजार कधी भरतो?" त्या म्हणाल्या, मंगळवारी. मग पाकिटावर बाजाराची पिशवी काढलीत, नातवाला बोलावून तेच पुन्हा सांगितलंत, आणि आजींकडून वदवून घेतलंत: बाजाराच्या दिवशी, एवढंच. जोडीला दिलेल्या जीवनसत्त्वाचं, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं पाकीट वेगळं, त्यावर पिशवी नाही. काका, तुमची चित्रकला यथातथाच, पण पिशवी ओळखू येत होती.

लहान मुलांच्या ड्राय सिरपचंही तसंच. बाटली ठोकून आधी पावडर सुटी करायची, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पातळी खाली जाते म्हणून पुन्हा खुणेपर्यंत. हे दाखवायला तुम्ही काउंटरखाली एक रिकामी बाटलीच ठेवली होतीत. आणि स्ट्रिप कापताना एक्स्पायरीची बाजू आपल्याकडच्या तुकड्यावर राहिली पाहिजे, यावरून किती बोलणी खाल्लीत मी!

शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ज्यांची प्रत्येक विक्री नोंदवावी लागते त्या औषधांच्या सरकारी यादीचं, रजिस्टर मला सगळ्यात कंटाळवाणं वाटायचं. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं हातानं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. "गोळी घ्यायला नाव कशाला?" म्हणून एक गृहस्थ चिडले, तेव्हा टीबीची आणि काही भारी अँटिबायोटिक औषधं या यादीत का आहेत, हे तुम्ही त्यांना बाकड्यावर बसवून सांगितलंत. मी पलीकडे उभी राहून ऐकत होते. वर्गात ते मला तितकं कळलं नव्हतं.

या सगळ्यातून तुम्हाला काय मिळालं? कॉलेजनं दमडी दिली नाही, उलट माझ्यापायी तुमचा धंदा थोडा बसलाच असेल. आज मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला औषधं समजावायचं काम माझ्याकडे असतं, आणि तुमची सगळी तऱ्हा मी तिथे बिनदिक्कत वापरते. त्याबद्दल मनापासून आभार.

आता मुद्द्याचं. माझ्या मामेबहिणीची परीक्षा झाली आहे, ती ट्रेनिंगसाठी दुकान शोधतेय. पाठवू का? अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आणि तिला कन्नड येतं.

तुमची,
ट्रेनिंगवाली पोर