मनू, त्याचं गणित त्यालाच सोडवू दे

प्रिय मनू,

काल फोनवर तू पण तापली होतीस आणि मी पण. आई मागून हाताने खुणा करून राहिली होती की पुरे आता, म्हणून ठेवला. पण विषय डोक्यातून जाईना. आज सकाळी फिरायला पण नाही गेलो, चहा घेतला आणि बसलो टाइप करायला, एका बोटाने, तेव्हा शुद्धलेखनावरून काही बोलू नकोस.

आधी तुझं म्हणणं मला नीट कळलं का ते बघ. तू तिकडे अमेरिकेत एमएस करता करता तासाच्या पैशावर खेळाडू पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवतेस, त्यात तो एक बास्केटबॉलवाला, खुर्चीत पाय मावत नाहीत म्हणालीस, स्वभावाने गरीब. गुरुवारी बाहेरगावी मॅच, बुधवारी रात्रीच विमान, आणि होमवर्क शुक्रवारी द्यायचंय. तर तो म्हणाला तूच करून दे ना, काय फरक पडतो. तू नाही म्हणालीस आणि मग रात्रभर वाईट वाटत राहिलं. मला म्हणालीस, बाबा, कॉलेजने त्याला जिंकायला आणलंय, डिग्रीचं कोणालाच पडलेलं नाही, मीच एकटी मास्तरीण बनून का बसू?

बरं, पहिली गोष्ट म्हणजे करून दिलं असतंस तर नोकरी गेलीच असती, वर तुझ्या व्हिसाचं लफडं झालं असतं. हे बापाचं बोलणं झालं, सोड. खरं बोलायचंय ते वेगळंच.

जिंकणं म्हणजे काही नसतं असं मी कधीच म्हणणार नाही. मी नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतलेला माणूस आहे. इंटर-कॉलेजला आमची फायनल एका पॉइंटने आली, शेवटचा बास्केट आमच्या कॅप्टनचा, डाव्या हाताने, दोन जण अंगावर असताना. त्या रात्री स्टेशनवर परत आलो तेव्हा पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन पार रिक्षा स्टँडपर्यंत नेलं. मला पगार किती वाढला ते आठवत नाही पण तो बास्केट रिंगवर दोनदा नाचून आत पडला हे आजही दिसतं. त्यामुळे जिंकण्याला हलकं समजणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, ते बहुतेक कधी खेळलेले नसतात.

पण तोच कॅप्टन म्हणजे तुझा कॅप्टनकाका. त्याचं पुढचं तू ऐकलं नसशील. वर्षभर तो वर्गात नसायचा, हजेरीपटावर मात्र रोज हजर, एक सर स्वतःच मांडायचे. प्रिन्सिपॉल म्हणायचे तू फक्त खेळ, बाकी आम्ही बघतो. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाचे तीन विषय राहिले ते राहिलेच. मग पुढच्या वर्षी दुसरा कोणी चांगला पॉइंट गार्ड आला आणि "आम्ही बघतो" म्हणणारे याच्याकडे बघेनासे झाले. स्पोर्ट्स कोट्यातून ज्या क्लार्कच्या जागेवर त्याची नजर होती तिथे ग्रॅज्युएट पाहिजे होता. चुलतभावाच्या सिमेंटच्या दुकानात काउंटरवर बसला, अजून बसतो. मागे मी कॉलेजच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो, प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात त्याच फायनलची शील्ड आहे, पितळेला हिरवट डाग पडलेत. तिच्यावर कॉलेजचं नाव आहे, साल आहे. खेळणाऱ्या एकाचंही नाव नाही.

त्यामुळे तू जेव्हा म्हणतेस की डिग्री मोठी की जिंकणं मोठं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, कोणासाठी? जिंकणं कॉलेजच्या कपाटात जातं. डिग्री पोराच्या घरी जाते.

तुमच्याकडे हे हिशोब फार मोठे आहेत एवढंच. मी मार्चमध्ये तुमची कॉलेज बास्केटबॉलची टूर्नामेंट बघतो, आपल्याकडे फायनल मंगळवारी सकाळी सहा-सात वाजता लागते, आई म्हणते घरात दूध यायच्या आधी अमेरिका येते. 2010 मध्ये त्या टूर्नामेंटच्या टीव्ही हक्कांचा 14 वर्षांचा करार 10.8 अब्ज डॉलरला झाला, मग 2016 मध्ये तो 2032 पर्यंत वाढवला, आणखी 8.8 अब्ज. आता एवढ्या पैशात एखाद्या कोचला स्टॅटिस्टिक्सच्या होमवर्कची काळजी वाटेल अशी अपेक्षा करणं म्हणजे लग्नाच्या मांडवात उपासाचं विचारणं. दोष एकट्या कोचचा नाही, त्याची नोकरी विजयावरच टिकते, पोरं पास झाली म्हणून कोणी त्याचा करार वाढवत नाही.

एनसीएएने, म्हणजे तिथले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेने, यावर आकडे काढले. एपीआर म्हणून प्रकार आहे, तुला तर माहीतच असेल, स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक पोराचे दर सत्राला दोन पॉइंट, एक कॉलेजात टिकला म्हणून, एक पास होत राहून खेळायला पात्र राहिला म्हणून, आणि टीमला हजारपैकी 930 च्या खाली जाऊ दिलं तर टूर्नामेंट बंद. कनेक्टिकट युनिव्हर्सिटीवाले 2011 ला चॅम्पियन आणि 2013 ला याच आकड्यापायी घरी बसले. ज्या पोरांनी आकडा पाडला त्यातली बरीच तोवर निघून गेलेली, शिक्षा भोगली मागे राहिलेल्यांनी. आणि 2014 ला तीच टीम पुन्हा चॅम्पियन, केंटकीला 60-54 ने हरवलं. गंमत बघ, समोर केंटकीचे सुरुवातीचे पाचही खेळाडू फर्स्ट इयरचे, कारण एनबीए, म्हणजे पैसेवाली व्यावसायिक लीग, तिचा नियमच असा की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, यायला त्या वर्षात वय 19 होत असलं पाहिजे आणि शाळा सुटून एक वर्ष झालं पाहिजे, म्हणून हुशार पोरं एक वर्ष कॉलेजात काढतात आणि पळतात. म्हणजे फायनलला एक टीम अशी की जिला आदल्या वर्षी अभ्यासापायी बाहेर बसवलेलं, आणि दुसरी अशी की जिच्यातल्या काही पोरांच्या बॅगा भरलेल्या. मी त्या दिवशी दाढी अर्धी करून टीव्हीसमोर उभा होतो, मॅच झकास झाली, खोटं कशाला बोलू.

एक वर्षात एनबीएत जाणाऱ्याला जाऊ दे की. करोडोचा करार सोडून त्याने बीए करत बसावं असं मी कोण सांगणार. एनबीएतला तो धिप्पाड शॅक ओनील, त्याने 1992 ला कॉलेज सोडलं, आईला शब्द दिलेला म्हणून 2000 मध्ये डिग्री पूर्ण केली, पुढे 2012 मध्ये डॉक्टरेट पण घेतली. टोरांटोकडून खेळणाऱ्या व्हिन्स कार्टरची गोष्ट तर मी तुला लहानपणी सांगायचो. 20 मे 2001, सकाळी चॅपल हिलला त्याच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ, त्याच दिवशी फिलाडेल्फियात एनबीएच्या प्लेऑफची सातवी, निर्णायक मॅच. हा सकाळी गाऊन घालून हजर राहिला, विमानाने फिलाडेल्फियाला आला, आणि शेवटच्या दोन सेकंदांत टोरांटोसाठी शॉट मारला तो हुकला, 88-87. मग काय, अख्खं टोरांटो म्हणालं की गाऊन घालायला गेला म्हणून हुकला. मला अजून कळत नाही, न जाता हुकला असता तर काय म्हणाले असते? शॉट हुकतात गं. आमच्या कॅप्टनचा पण रिंगवर दोनदा नाचला होता, तिसऱ्यांदा बाहेर पडला असता तर ती शील्ड आज दुसऱ्या कोणाच्या कपाटात असती.

पण ही मोठ्यांची उदाहरणं झाली. साडेतीनशेच्या वर कॉलेजं या वरच्या डिव्हिजनमध्ये खेळतात, प्रत्येकाकडे डझनभर पोरं, आणि एनबीएच्या ड्राफ्टच्या जागा वर्षाला जेमतेम साठ, त्यात परदेशातले पण आले. तुझा तो खुर्चीत न मावणारा पोरगा त्या साठात आहे का? तूच म्हणालीस बेंचवर बसतो. मग त्याच्यासाठी जिंकणं म्हणजे टॉवेल हलवणं आणि दुसऱ्या सकाळी तुझ्यासमोर झोपाळलेल्या डोळ्यांनी बसणं.

आता मी तुला एका माणसाचं सांगतो, केव्हिन रॉस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून गच्चीवर गेलो होतो. हा 1978 ला ओमाहाच्या क्रेटन युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर गेला. प्रवेश परीक्षेत 36 पैकी 9, तिथल्या सरासरी पोराला 23. चार वर्षं खेळला. विषय कोणते घ्यायला लावले तर नेमबाजी, आणि बास्केटबॉलची थिअरी. डिग्रीला 128 क्रेडिट लागत होते, याचे 96 झाले. बाहेर पडला तेव्हा भाषा चौथीच्या पोराएवढी आणि वाचन सातवीच्या. मग तो शिकागोला एका शाळेत गेला, चक्क शाळेत, प्रायमरीच्या पोरांबरोबर वर्षभर बसला. तो माणूस त्या बाकावर, शेजारी वॉटरबॅग घेतलेली पोरं. नंतर त्याने युनिव्हर्सिटीवर केस केली, 1992 मध्ये अपील कोर्ट म्हणालं की वाईट शिकवलं म्हणून आम्ही युनिव्हर्सिटीला कोर्टात खेचू देणार नाही, पण मदतीचं वचन देऊन ती दिलीच नाही असं असेल तर तेवढा भाग चालवा. आणि त्याच्या तक्रारीत एक वाक्य होतं, की त्याचं होमवर्क वाचायला आणि पेपर तयार करायला एक सेक्रेटरी ठेवलेली होती.

त्या सेक्रेटरीचा विचार कर मनू. तिला पण वाईट वाटत असेल, पोरगा गरीब आहे, मॅच आहे, करून देऊ. चांगलीच बाई असेल बिचारी.

म्हणून मी काल चिडलो. नुसतं "डिग्री महत्त्वाची" म्हणणाऱ्यांशी पण माझं जमत नाही, कारण डिग्री पोकळ करता येते. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत तेच झालं, 2014 चा चौकशी अहवाल आहे, 18 वर्षं, तीन हजारांवर विद्यार्थी, जवळपास निम्मे खेळाडू, क्लास कधी भरलाच नाही, शेवटी एक पेपर द्यायचा आणि मार्क ऑफिसातली बाई देणार. कागदावर सगळे पास. एनसीएएने 2017 मध्ये सोडून दिलं, कारण क्लास इतर पोरांनाही खुले होते. आमच्या सरांचा हजेरीपट आणि हे, फरक फक्त एसीचा. मग एनसीएए सांगते तो ग्रॅज्युएशनचा टक्का 60 असो की 90, मला त्यातून काय कळणार? त्या टक्क्यातून बऱ्या मार्कांनी कॉलेज सोडून गेलेले तर वजाच करतात. वरून नियम असा की दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा 40 टक्के भाग झाला पाहिजे, तिसऱ्याला 60, मग सगळे एकाच सोप्या विषयात गर्दी करतात. आता कॉलेज बदलायचं ट्रान्सफर पोर्टल आलंय, पोरं चार वर्षांत तीन कॉलेजं फिरतात, क्रेडिट सगळे धरत नाहीत.

खेळाडूंना पैसे मिळायला पाहिजेत असं तू म्हणालीस ते मान्य. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमवू देतात, 2025 पासून कॉलेज स्वतः देऊ शकतं, चांगलंच झालं, इतकी वर्षं फुकट राबवलं. पण बेंचवरच्याला त्यातलं किती येतं ते तू त्यालाच विचार.

आणि हे जमत नाही असं नाही. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या पॅट समिट, 38 वर्षं मुलींच्या टीमच्या कोच, 1098 विजय, आठ वेळा चॅम्पियन, आणि तिच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी ग्रॅज्युएट झाली. तिचा नियम, वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, आणि क्लास बुडवला तर मॅच नाही. आम्हाला अशी एक बाई मिळाली असती तर कॅप्टनने शिव्या घातल्या असत्या आणि बीकॉम झाला असता.

मागच्या महिन्यात तो आला होता. एलआयसीचा क्लेम फॉर्म, इंग्रजीत. म्हणाला, "काहून बे, भरून दे ना, तुझं अक्षर चांगलं आहे." अक्षर त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी भरून दिला, तो खिडकीतून बाहेर बघत बसला, जसा काही त्याचा फॉर्मच नाही. गेली तीस वर्षं मीच भरतोय गं. आणि काल तुझ्याशी बोलताना मला पहिल्यांदा वाटलं की मी पण तो सेक्रेटरीच आहे. पुढच्या वेळी पेन त्याच्या हातात देणार, चहा दोनदा होऊ दे, शिव्या देऊ दे.

तू तेच कर. होमवर्क करून देऊ नकोस, पण नाही म्हणून उठून पण जाऊ नकोस. विमानात तीन तास असतो ना, तिथे प्रश्न वाचू दे, आणि हॉटेलवर पोचल्यावर व्हिडिओ कॉल लाव. त्याच्याच टीमचे फ्री थ्रोचे आकडे घे, बायनोमियल, म्हणजे गेला किंवा हुकला याचं ते शक्यतांचं गणित, त्यावर समजावून सांग, बॉल हातात असला की त्या पोरांचं डोकं चालतं, माझं चालायचं. मुदत वाढवून मागायची असेल तर प्रोफेसरला मेल त्यालाच लिहू दे, मोडकातोडका असला तरी.

आईने चिवडा आणि तिळाची चटणी पार्सलला दिली आहे, चटणी त्याला देऊ नकोस, मॅचच्या आधी पोट बिघडेल. गुरुवारची मॅच इथे किती वाजता दिसेल ते कळव, अलार्म लावतो. आणि शुक्रवारी त्याने काय केलं ते आधी सांग, स्कोअर मी बघून घेईन.

तुझा,
बाबा