ताप आला तर आधी मला कळव

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

नानांचं पहिलं मासिक श्राद्धही अजून झालेलं नाही आणि तू कोझिकोडला पोचलीस. जाताना उंबऱ्यात म्हणालीस, "नाना असते तर त्यांनी स्वतः माझी बॅग भरून दिली असती." भरली असती, त्यात वादच नाही. तुझ्या कामाबद्दल मी भांडत नाही. वटवाघळांचे नमुने कुणीतरी घ्यायलाच हवेत, त्यांच्यातून माणसांत येणाऱ्या निपाह विषाणूवर अजून मान्यताप्राप्त लस नाही, हे सगळं तू मला समजावून सांगितलंस आणि मला पटलंही. पत्र लिहिते आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आधी नानांबद्दल, माझ्या वडिलांबद्दल लिहिते, म्हणजे मी उपदेश करते आहे असं तुला वाटणार नाही.

त्यांच्या शोकसभेत सगळे त्यांच्या शौर्याबद्दल बोलले. चौथ्या मराठा पलटणीत होते, 1944 च्या मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला लढले, जपान्यांना पाच-सहा दिवस थोपवून धरणाऱ्यांत होते. खरं आहे. पण घरात नाना सांगशाकबद्दल बोलायचे ते फक्त तहानेबद्दल. डोंगरमाथ्यावर पाणी नव्हतं. एवढं सांगून ते गप्प व्हायचे, आणि माई उठून त्यांच्यापुढे तांब्या आणून ठेवायची.

ते मोकळेपणानं सांगायचे ते मेपाक्रीनचं, म्हणजे मलेरियावरच्या गोळ्यांचं. रोज गोळी घ्यायची, तीही साहेबासमोर गिळून तोंड उघडून दाखवायची. कातडी पिवळी पडायची म्हणून पोरं गोळी थुंकायला बघत. त्यांचे सेनापती जनरल स्लिम यांनी पुढे लिहून ठेवलंय की 1943 मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर एका जखमीमागे 120 आजारी माणसं मागे न्यावी लागत होती. हा आकडा नानांनी आयुष्यभर सांगितला. बंदूक खाली ठेवून, आपल्याहून लहान मुलांबरोबर बाकावर बसून प्राणिशास्त्र शिकायला ते फर्ग्युसनमध्ये गेले ते या आकड्यापायी. पलटणीतल्या लोकांना वाटलं, जमादार झाला असता, आता किडे मोजत बसणार.

पुण्यात 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र निघालं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच, पण तेव्हा त्याला एनआयव्ही म्हणत नसत. नाना तिथे कीटकशास्त्र विभागात लागले. 1957 च्या उन्हाळ्यात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली आणि आजूबाजूच्या गावांत माणसं तापानं फणफणली. पिवळा ताप हिंदुस्थानात शिरला की काय, अशी सगळ्यांना धास्ती. पुण्याहून जी माणसं गेली त्यांत नाना होते. पांढऱ्या फ्लॅनेलचं फडकं पाचोळ्यावरून ओढत न्यायचं, मग त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्यानं उचलून नळीत घालायच्या. पिल्लं तर तिळाएवढी. त्या गोचिडींतून आणि मेलेल्या माकडांतून नवाच विषाणू हाती लागला. आपण त्याला माकडताप म्हणतो. जगाच्या पुस्तकात क्यासनूरचं नाव गेलं, आणि ते ज्यांच्या कामामुळे गेलं त्यांत आपले नाना होते, याचा मला किती अभिमान आहे हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही.

माझ्या लहानपणीही ते शिमोग्याकडच्या सागरच्या कॅम्पला जायचेच. परत आले की मागच्या दारानं यायचे. माईनं बंब पेटवलेला असायचा. कपडे थेट उकळत्या पाण्यात, अंघोळ होईपर्यंत आम्ही त्यांना शिवायचं नाही. ते न्हाणीघरातूनच ओरडून विचारायचे, "शुभंकरोती झालं का? पाढे कुणाचे राहिलेत?" पमामावशी दाराबाहेर उभी राहून एकोणतीसचा पाढा म्हणायची. हे तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते आता सांगते. मी तिसरीत होते. नाना सागरहून आले ते गप्पच. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकं असं दुखायचं की उजेड सहन होईना. माईला म्हणाले, जुना मलेरिया आहे, ब्रह्मदेशातला. माईनं विश्वास ठेवला. मुक्ता, इतक्या वर्षांनी तो मलेरिया सहसा उलटत नाही, हे त्या घरात फक्त एका माणसाला ठाऊक होतं. त्यांनी ऑफिसात रजेचा अर्ज पाठवला, कारण घरगुती. आठ-दहा दिवसांत ताप उतरला. माईनं सत्यनारायण घातला. प्रसाद वाटून झाला, आणि पुढच्याच आठवड्यात ताप पुन्हा चढला. या खेपेला मान ताठ, हात थरथरताहेत, आणि तोंडानं पलटणीतल्या माणसांना हाका. आम्ही मुलं दाराआड. शेवटी शेजारचा मुलगा सायकलवरून त्यांच्या ऑफिसात गेला, तेव्हा त्यांचे सहकारी गाडी घेऊन आले.

माकडतापाची ती रीतच आहे. पहिला ताप जातो, माणूस उठून बसतो, आणि काहींना दुसरा येतो तो मेंदूवर. हे नानांनी इतरांच्या तक्त्यांवर स्वतःच्या हातानं मांडलं होतं. पुढे कित्येक महिने त्यांना भरला पेला धरता येत नसे.

मी मोठी झाल्यावर विचारलं, का लपवलंत? म्हणाले, "मला कॅम्पवरून काढलं असतं." बस. जपान्यांसमोर उभं राहिलेला माणूस रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहायला घाबरला. लोकांना त्यांचं शौर्य आठवतं, मला तो अर्ज आठवतो.

आणि तू त्यांचीच नात. हॉस्टेलला डेंग्यू झाला तेव्हा तू "थोडी कणकण आहे" म्हणत राहिलीस, आणि प्लेटलेट्स उतरल्यावर तुझ्या मैत्रिणीनं फोन केला. तुझाही परीक्षेचाच हिशोब होता. म्हणून सांगते, ताप आला तर आधी मला कळव. मला नाही तर तुमच्या प्रमुखांना तरी, त्याच तासाला. तुला टीममधून काढतील, काढू देत. हातमोजे दुहेरी घाल, मास्क दमलीस म्हणून खाली करू नको, वटवाघूळ चावरं असतं, उशीर झाला म्हणून घाई करू नको. आणि ताप उतरला म्हणून गप्प बसू नको. निपाहही काही जणांत महिन्यांनी पुन्हा उलटतो, हे तूच मला सांगितलं होतंस.

बघ, लागलेच शिकवायला. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं, रागावू नकोस. पण 2018 साली त्याच जिल्ह्यात लिनी नावाची परिचारिका रुग्णाची सेवा करता करता गेली, तिची मुलं किती लहान होती, हे मी तेव्हा पेपरात वाचलं होतं आणि आता रोज आठवतं.

तुझं नानांशी जे होतं ते मी पाहिलंय. 2016 मध्ये दोडामार्गात माकडताप निघाला, काजूच्या बागांत जाणारी माणसं आजारी पडली. नाना तेव्हा ब्याण्णव वर्षांचे. पेपर हातात घेऊन दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या. त्यांना तिथे जायचं होतं! आम्ही कुणी नेलं नाही. तू बारावीची पुस्तकं बाजूला टाकून त्यांच्याजवळ बसलीस, भिंगाखाली गोचिडीचे पाय मोजायला शिकलीस, आणि त्या दिवसापासून तुझं ठरलं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मी तुझ्या बाबांना म्हणालेसुद्धा, ही आता घरात राहायची नाही. आनंद झाला होता मला. भीतीही तेव्हापासूनचीच.

नानांच्या वह्या पमामावशीनं कोरेगावच्या घरून आणल्या आहेत. गोचिडींचे आकडे, तारखा, मधेच माईच्या किराणा सामानाच्या याद्या. वाळवी लागायच्या आत तू त्या बघाव्यास. त्या आजारपणातली पानं कोरी आहेत, तेवढी मी बघितली.

परत आलीस की 21 दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि आकडा मला पाठवायचा. "ठीक आहे" असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा. मासिकाला येता आलं नाही तरी चालेल, दादा येतोय, तो बघेल सगळं.

तुझी,
आई