वाढलंय, पण कशापेक्षा?

संपादक महोदय,
कॅन्सरच्या पेशंटमध्ये एंडोस्टॅटिन वाढलेलं दिसलं असं वाचलं की मला पहिला प्रश्न हाच पडतो, वाढलंय म्हणजे कशापेक्षा? नवीन रक्तवाहिन्या फुटू न देणारं हे प्रोटीन १९९७ मध्ये बोस्टनला कॅन्सर संशोधक ज्युडा फोकमन यांच्या लॅबमध्ये सापडलं, पण ते धडधाकट माणसाच्या रक्तातही असतंच की. जोरदार व्यायाम केला तरी वाढतं. शिवाय प्लेटलेट्समध्ये ते साठलेलं असतं, म्हणजे ट्यूबमधलं रक्त गोठू दिलं की ते बाहेर पडतं आणि आकडा बदलू शकतो, ही साधी गोष्ट बातम्यांत कधी येतच नाही. निरोगी लोकांचं मोजताना वय, व्यायाम, सीरम (रक्त गोठल्यावर उरलेला द्रव) की प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव) हे सगळं नीट लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर पेशंटचा रिपोर्ट ताडून बघायचा कशाशी?
- एक वाचक